वेगाची किंमत : फाईल-हस्तांतरणाच्या सॉफ्टवेअरमधील गती व साधनवापर यांच्या संतुलनाची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या दैनंदिन कारभारात एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर फाईल पाठविणे ही आता विशेष नोंद घ्यावी अशी बाब राहिलेली नाही. प्रवेश अर्ज, अंतर्गत गुण, प्रश्नपत्रिका, शिष्यवृत्तीचे दाखले, मूल्यांकनाचे अहवाल ही सर्व कामे आज फाईलच्या रूपाने होतात. काम अडले की ‘सर्व्हर डाऊन आहे’ किंवा ‘नेट स्लो आहे’ या दोन वाक्यांत त्याचे निदान केले जाते, आणि अधिक वेगाची जोडणी घेणे हा त्यावरील सर्वमान्य उपाय ठरतो. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्याही आपल्या उत्पादनाची थोरवी वेगाच्या आकड्यांतच सांगतात.

हा वेग कोणत्या साधनांच्या मोबदल्यात मिळतो आणि ती साधने कोणाच्या वाट्याची असतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. फाईल हलविताना प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क, बॅटरी आणि सामायिक जोडणी यांपैकी काही ना काही खर्ची पडत असते. एका प्रोग्रामने हा खर्च अनिर्बंध केला तर त्याचा भार त्याच संगणकावरील इतर कामांवर, त्याच खोलीतील इतर व्यक्तींवर आणि पलीकडच्या सर्व्हरवर पडतो. मुंबईतील कार्यालयात हा भार जाणवत नाही. मालवण तालुक्यातील तोंडवलीसारख्या किनारपट्टीवरील गावात मात्र तोच प्रोग्राम निरुपयोगी ठरू शकतो. प्रस्तुत लेखात या संतुलनाची चिकित्सा केली असून, मुंबई विद्यापीठाच्या २०१७ च्या ऑनलाईन उत्तरपत्रिका तपासणीच्या अनुभवाच्या प्रकाशात महाविद्यालयांनी सॉफ्टवेअर पारखताना कोणते निकष लावावेत याचा विचार केला आहे.

वेग कशाने ठरतो

फाईलचा प्रवास ही एक साखळी आहे. डिस्कवरून वाचन, मेमरीत साठवण, प्रोसेसरकडून कॉम्प्रेशन अथवा एन्क्रिप्शन, जोडणीवरून वहन, पलीकडे पडताळणी आणि पुन्हा डिस्कवर लेखन असे तिचे टप्पे होत. संपूर्ण साखळीचा वेग सर्वांत मंद टप्प्यापेक्षा अधिक असू शकत नाही. त्यामुळे मंद टप्पा कोणता हे न पाहता इतर टप्प्यांवर केलेला खर्च वाया जातो.

या संदर्भात एककांचा गोंधळही दूर केला पाहिजे. जोडणी देणारी कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, तर पडद्यावरील प्रोग्राम तो बहुधा मेगाबाइटमध्ये दाखवितो. एका बाइटमध्ये ८ बिट असल्याने २ मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला पाव मेगाबाइटच मजकूर येऊ शकतो. ही फसवणूक नव्हे. परंतु हा फरक ध्यानात न घेतल्याने अनेक तक्रारी चुकीच्या दिशेने जातात.

इंटरनेटवरील बहुतांश फाईल दीर्घकाळ ज्या टीसीपी नियमावलीने वाहून नेल्या गेल्या, तिच्यात पोच मिळण्यापूर्वी किती मजकूर पाठवावा यावर मर्यादा असते. मूळ रचनेत ही मर्यादा ६५,५३५ बाइट होती. पाठविलेल्या मजकुराची पोच परत येण्यास एक दशांश सेकंद लागत असेल, तर जोडणी कितीही रुंद असली तरी एका प्रवाहाला सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिटपेक्षा अधिक वेग मिळू शकत नाही. १९९२ मध्ये ही मर्यादा वाढविण्याची सोय करण्यात आली. मात्र मर्यादा वाढविणे म्हणजे प्रत्येक प्रवाहासाठी अधिक मेमरी राखून ठेवणे. दहा ग्राहकांच्या सर्व्हरला हा खर्च क्षुल्लक वाटतो, पण दहा हजार ग्राहकांच्या सर्व्हरला तोच जड होतो. वेग आणि साधने यांचा व्यवहार येथूनच सुरू होतो.

डिस्कवरील मजकूर जोडणीवर टाकतानाही असाच व्यवहार घडतो. साध्या पद्धतीत मजकूर डिस्कवरून कार्यप्रणालीच्या मेमरीत, तेथून प्रोग्रामच्या मेमरीत, पुन्हा कार्यप्रणालीच्या मेमरीत आणि शेवटी नेटवर्क कार्डाकडे जातो. लिनक्सने १९९९ मध्ये मधली ये-जा टाळणारी ‘सेंडफाईल’ ही आज्ञा उपलब्ध केली. तिच्यामुळे प्रोसेसरचे काम कमी होऊन वेगही वाढतो. पण मजकूर एन्क्रिप्ट करावयाचा असेल तर प्रोग्रामला त्याला हात लावावाच लागतो आणि ही बचत हातची जाते. एन्क्रिप्शनच कार्यप्रणालीच्या गाभ्यात नेण्याची सोय लिनक्समध्ये २०१७ मध्ये आली. सुरक्षितता, वेग आणि साधनांची काटकसर या तिन्ही गोष्टी एकाच वेळी फुकट मिळत नाहीत, हे यावरून स्पष्ट व्हावे.

संयमातून आलेला वेग

वेगासाठी प्रत्येकाने हात आखडता घ्यावा लागतो, ही गोष्ट इंटरनेटने अनुभवातून शिकली. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली परिसर यांच्यातील सुमारे ४०० यार्ड अंतराच्या दुव्यावरील वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांपर्यंत घसरला. दुवा तुटलेला नव्हता. प्रत्येक संगणक हरवलेली पॅकेट तत्परतेने पुन्हा पाठवीत होता आणि त्या पुनरावृत्तीनेच दुवा तुंबला होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात यावर उपाय सुचविला. प्रेषकाने हळू सुरुवात करावी, पोच येईल तसा वेग वाढवावा आणि पॅकेट हरवताच वेग एकदम कमी करावा, असे त्या उपायाचे सूत्र होते. पुढील काळातील इंटरनेट या स्वयंनियंत्रणावर उभे राहिले.

या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर ‘डाऊनलोड अ‍ॅक्सेलरेटर’ या प्रकारच्या सॉफ्टवेअरची समीक्षा करणे उद्बोधक ठरते. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्याच्या आरंभी मोडेमच्या जोडणीवर काम करणाऱ्या वाचकांना अशी सॉफ्टवेअर आठवत असतील. एकाच फाईलचे तुकडे करून ते अनेक जोडण्यांवरून एकाच वेळी उतरविणे ही त्यांची युक्ती. सर्व्हरने प्रत्येक जोडणीला वेगळी मर्यादा घातली असेल तर तिचा उपयोग होतो, हे नाकारता येत नाही. परंतु मूळ दुवाच अरुंद असेल तर ही युक्ती नवीन वेग निर्माण करीत नाही. ती शेजाऱ्याचा वाटा आपल्याकडे ओढते. टीसीपी साधारणतः प्रत्येक प्रवाहाला समान वाटा देते. एका संगणकाने आठ प्रवाह उघडले आणि दुसऱ्याने एक, तर पहिल्याला नवांपैकी आठ भाग मिळतात. ज्याला वेगवान म्हटले जाते ते येथे केवळ आक्रमक असते.

१९९९ च्या एचटीटीपी नियमावलीने एका ग्राहकाने एका सर्व्हरशी दोनांपेक्षा अधिक कायम जोडण्या ठेवू नयेत असे सुचविले होते. प्रत्यक्ष व्यवहारात ब्राउझरनी हे बंधन ओलांडले आणि २०१४ च्या सुधारित नियमावलीने निश्चित आकडा सोडून केवळ संयमाचे आवाहन ठेवले. वेगाच्या स्पर्धेत सभ्यतेचा नियम कसा मागे पडतो, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

या आक्रमकतेची किंमत आपल्या संगणकालाही मोजावी लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. एकाच वेळी अनेक फाईल अथवा एकाच फाईलचे दूरदूरचे तुकडे लिहावयाचे झाल्यास तिच्या वाचन-लेखन शीर्षाला सतत जागा बदलावी लागते आणि प्रत्येक बदलात असे काही मिलिसेकंद वाया जातात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील जुन्या संगणकावर डाऊनलोड चालू असताना साधे शब्दसंस्करणही अडखळते, त्याचे एक कारण हे आहे. नव्या एसएसडी प्रकारच्या साठवणीत हा दोष बराच कमी झाला आहे. तथापि संस्थेतील सर्व संगणक नवे असतील असे गृहीत धरून सॉफ्टवेअर निवडणे योग्य नव्हे.

संयमी रचनांचे गुण व मर्यादा

आक्रमक सॉफ्टवेअरच्या समांतर संयमी सॉफ्टवेअरचीही एक परंपरा आहे. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर ‘बिट्स’ ही पार्श्वभूमीत चालणारी हस्तांतरण सेवा आणली. वापरकर्त्याचे काम चालू असताना मागे हटावे, जोडणी रिकामी दिसताच पुढे सरकावे आणि संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला तरी राहिलेले काम पूर्ण करावे, असे तिचे धोरण. कार्यप्रणालीच्या सुधारणा कोट्यवधी संगणकांवर गाजावाजा न करता पोहोचविण्यात तिचा मोठा वाटा आहे. तिच्या मूळ रचनेतील उणीव अशी की, ती आपल्याच संगणकाच्या नेटवर्क कार्डावरील वर्दळ पाहते. शेजारच्या संगणकांनी सामायिक जोडणी व्यापली आहे हे तिला त्यातून कळत नाही. महाविद्यालयात नेमकी हीच परिस्थिती असते.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लेडबॅट’ नियमावलीने या उणिवेवर वेगळा मार्ग शोधला. पॅकेट हरवण्याची वाट न पाहता त्याला लागणारा विलंब वाढू लागताच वेग कमी करावयाचा, म्हणजे सामायिक रांगेत गर्दी झाल्याचे आपोआप समजते. मात्र रांगेतील जादा विलंब १०० मिलिसेकंदांपर्यंत चालवून घेण्याची मुभा तीत आहे. फाईल उतरविताना हा विलंब जाणवत नाही. ऑनलाईन तासिकेतील संभाषणात तो जाणवू शकतो. म्हणजे ‘पार्श्वभूमी’ या शब्दाचा अर्थ पुढे कोणते काम चालले आहे यावर अवलंबून असतो.

अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांची ‘आरसिंक’ ही १९९६ ची रचना आणखी वेगळी आहे. दोन्ही टोकांच्या फाईलची तुलना करून केवळ बदललेला भाग ती पाठविते. वहनाचा खर्च वाचविण्यासाठी ती वाचनाचा आणि गणनाचा खर्च पत्करते. मंद जोडणीवर हा सौदा फायद्याचा असतो. एकाच संगणकावरील दोन कप्प्यांत नक्कल करताना तो तोट्याचा ठरतो आणि म्हणूनच अशा वेळी आरसिंक स्वतःहून तुलना सोडून पूर्ण फाईल उचलते. आपली युक्ती कोठे निरुपयोगी आहे हे प्रोग्रामला माहीत असणे, ही त्याच्या प्रौढतेची खूण मानावयास हवी.

वहनाऐवजी गणन हा सौदा किती टोकाला जाऊ शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. अलीकडच्या सुधारणेनंतर ती एका वेळी ४०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा टिपू शकते. प्रत्येक अँटेनाचे दोन प्रवाह, प्रत्येक प्रवाहात सेकंदाला ८० कोटी नमुने आणि प्रत्येक नमुन्याला एक बाइट असे धरले, तर सेकंदाला ४८ अब्ज बाइट मजकूर तयार होतो. तो जसाच्या तसा साठविणे वा पाठविणे परवडणारे नाही. म्हणून विशेष गणकांच्या साहाय्याने अँटेनांचे संकेत तेथेच एकत्र करून त्यांचा संक्षिप्त परिणाम जतन केला जातो. खोडद येथे हा खर्च जाणीवपूर्वक केला गेला. सर्वसाधारण सॉफ्टवेअरमध्ये मात्र तो वापरकर्त्याच्या नकळत त्याच्या संगणकावर टाकला जातो.

कॉम्प्रेशन आणि एन्क्रिप्शन यांबाबत हे विशेषत्वाने घडते. स्कॅन केलेल्या पानाची जेपीईजी प्रतिमा आधीच आक्रसलेली असते. तिला पुन्हा कॉम्प्रेस केल्याने आकार फारसा घटत नाही, केवळ प्रोसेसर तापतो. एन्क्रिप्शनसाठी लागणाऱ्या खास आज्ञा इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०१० पासून येऊ लागल्या. त्या नसलेल्या स्वस्त फोनसाठी गूगलने २०१४ मध्ये ‘चाचा-२०’ ही हलकी पद्धत वापरात आणली. याच कंपनीच्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये आपल्या ‘क्विक’ या नव्या नियमावलीविषयी लिहिताना, ती जुन्या पद्धतीच्या तुलनेत सर्व्हरच्या प्रोसेसरचा आरंभी सुमारे साडेतीनपट आणि सुधारणांनंतरही सुमारे दुप्पट वापर करते हे प्रांजळपणे नोंदविले. वेगाबरोबर त्याची किंमत सांगण्याची ही पद्धत अनुकरणीय आहे.

संयमाचा अर्थ संथपणा असाही घेऊ नये. मोबाईल फोनमधील रेडिओ यंत्रणा मजकूर थांबल्यावरही काही काळ जागी राहून बॅटरी खर्च करते. फाईल थेंबाथेंबाने उतरविल्यास ती सतत जागी राहते. एकदम उतरवून मोकळे झाल्यास ती लवकर झोपी जाते. म्हणजे सामायिक जोडणीवर जे वर्तन सभ्य, तेच फोनच्या बॅटरीच्या दृष्टीने उधळे ठरू शकते. संतुलनाचे एकच सूत्र सर्वत्र लागू पडत नाही. कोणते साधन दुर्मीळ आहे ते प्रथम पाहावे लागते.

२०१७ ची ऑनलाईन तपासणी : एक गणित

मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. उत्तरपत्रिकांची संख्या सुमारे १७ लाख आणि जाहीर करावयाचे निकाल ४७७ होते. विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले असल्याने हा निर्णय कोकणातील महाविद्यालयांनाही लागू होता. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत लागणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही पाळली गेली नाही. निकाल सप्टेंबरपर्यंत लागत राहिले. पुढील प्रवेशासाठी गुणपत्रिकेची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची कुचंबणा झाली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या काळातील वृत्तांत यंत्रणा संथ असल्याच्या आणि उत्तरपत्रिका सापडत नसल्याच्या तक्रारी वारंवार आढळतात.

या प्रकरणाची प्रशासकीय कारणमीमांसा हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. मात्र अशा यंत्रणेला किती वेग आवश्यक असतो याचे साधे गणित मांडणे उपयुक्त ठरेल. एका उत्तरपत्रिकेच्या सर्व पानांच्या प्रतिमा मिळून ५ मेगाबाइट होतात असे गृहीत धरू. १७ लाख उत्तरपत्रिकांचा एकूण आकार ८.५ टेराबाइट होतो. ४५ दिवस, दररोज आठ तास काम चालले तर सेकंदाला सरासरी १.३ उत्तरपत्रिका, म्हणजे सुमारे ५२ मेगाबिट वेग पुरेसा आहे. संपूर्ण विद्यापीठासाठी ही गरज अनपेक्षितपणे माफक म्हणावी लागेल.

याउलट स्कॅनिंगचे पाहू. एका उत्तरपत्रिकेत ३६ पाने धरली तर एकूण ६ कोटी १२ लाख पाने होतात. त्याच कालावधीत सेकंदाला सुमारे ४७ पाने स्कॅन व्हावी लागतात, आणि प्रत्येक पान योग्य विद्यार्थ्याच्या नावे नोंदले जावे लागते. तपासणीला एका उत्तरपत्रिकेमागे १५ मिनिटे धरल्यास एकूण सव्वाचार लाख तास लागतात. दररोज सहा तास याप्रमाणे रोज सुमारे १,५७५ प्राध्यापक सतत कामावर हवेत. म्हणजे साखळीतील अरुंद टप्पे फाईलच्या वहनापेक्षा अन्यत्र आहेत. हे गणित प्रत्यक्ष यंत्रणेतील दोषाचा पुरावा नव्हे. प्रश्न कोठे विचारावयाचा हे मात्र ते दाखविते.

तरीही वहनाच्या टप्प्यावर प्राध्यापकाला थांबावे लागले तर काय होते? प्रत्येक उत्तरपत्रिकेमागे केवळ एक मिनिट वाट पाहावी लागली तरी एकूण २८ हजारांहून अधिक तास वाया जातात. अधिक वेगाची जोडणी घेऊन हे एक मिनिट कमी करता येईल. पण दुसरा मार्ग अधिक स्वस्त आहे. एक उत्तरपत्रिका तपासली जात असतानाच पुढची मागून उतरवून ठेवावी. १५ मिनिटांत ५ मेगाबाइट उतरविण्यास सेकंदाला सुमारे ४४ हजार बिट पुरतात. जुन्या ५६ के मोडेमच्या कागदोपत्री क्षमतेपेक्षाही हा वेग कमी आहे. एका केंद्रावर तीस प्राध्यापक बसले तरी दीड मेगाबिटच्या आत काम भागते. त्यासाठी प्रत्येक संगणकावर ५ मेगाबाइट जागा आणि गोपनीयतेसाठी त्या जागेचे एन्क्रिप्शन एवढीच किंमत पडते.

क्रमाचेही असेच आहे. सकाळी दहा वाजता तीसही प्राध्यापकांनी एकदम पहिली उत्तरपत्रिका मागविली, तर १५० मेगाबाइट मजकूर २ मेगाबिटच्या जोडणीवरून येण्यास दहा मिनिटे लागतील. प्रत्येक संगणकाने आठ-आठ प्रवाह उघडले तरी ही दहा मिनिटे कमी होणार नाहीत, केवळ जोडण्यांची संख्या २४० होऊन सर्व्हरवरील ताण वाढेल. पण प्रत्येकाचे पहिले पान आधी पाठविण्याचे ठरविले तर सुमारे १७ सेकंदांत सर्वांचे काम सुरू होते आणि उरलेली पाने वाचन चालू असताना येत राहतात. एकूण वेग तितकाच असूनही वापरणाऱ्याच्या अनुभवात मोठा फरक पडतो. सॉफ्टवेअरची गुणवत्ता दुव्याच्या रुंदीइतकीच क्रम आणि वेळ यांच्या नियोजनात असते, हे यावरून ध्यानी यावे.

तोंडवलीची कसोटी

वरील गणितात जोडणी अखंड राहील असे गृहीत धरले आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर हे गृहीतक टिकत नाही. तोंडवली-तळाशीलची वस्ती एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस गड नदीची खाडी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीपर्यंत पसरली आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात या जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील वीज आणि दूरसंचार सेवा विस्कळीत झाल्या होत्या. वादळ अपवादात्मक असले तरी पावसाळ्यात वीज जाणे अपवादात्मक नाही. २०२० च्या टाळेबंदीत याच जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने नेटवर्क मिळावे म्हणून डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केल्याचे वृत्त देशभर गाजले होते. तिच्या जिद्दीचे कौतुक झाले, ते योग्यच होते. तेवढाच लक्षात घेण्याजोगा दुसरा मुद्दा असा की, ज्या सॉफ्टवेअरसाठी माणसाला डोंगर चढावा लागतो, ते त्या माणसाचा विचार करून घडविलेले नसते.

अशा ठिकाणी वेगापेक्षा कामाच्या पूर्ततेला महत्त्व येते. २ मेगाबिटच्या जोडणीवर १०० मेगाबाइटची फाईल येण्यास ४०० सेकंद, म्हणजे सहा मिनिटे चाळीस सेकंद लागतात. जोडणी दर पाच मिनिटांनी तुटत असेल आणि प्रोग्राम प्रत्येक वेळी आरंभापासून सुरुवात करीत असेल, तर ती फाईल कधीच पूर्ण होणार नाही. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक प्रयत्नात आपला ‘वेग’ अचूक दाखवीत राहील. खंडित झालेले हस्तांतरण पुढे चालू करण्याची कल्पना १९८५ च्या एफटीपी नियमावलीत आहे आणि एचटीटीपीत ती १९९७ पासून आहे. तरीही फाईल अपलोड करण्याच्या अनेक पोर्टलवर ती आढळत नाही. अर्धवट राहिलेला अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरणाऱ्या विद्यार्थ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

येथेही संतुलन टळत नाही. फाईलचे १ मेगाबाइटचे तुकडे केले तर जोडणी तुटल्यावर फार तर चार सेकंदांचे काम वाया जाते. तुकडा १० मेगाबाइटचा असेल तर चाळीस सेकंदांचे. पण तुकडे लहान करण्यालाही मर्यादा आहे. प्रत्येक तुकड्याच्या पोचेसाठी एक दशांश सेकंद थांबावे लागत असेल, तर १ मेगाबाइटच्या शंभर तुकड्यांमुळे दहा सेकंद वाढतात आणि १०० किलोबाइटच्या हजार तुकड्यांमुळे शंभर सेकंद वाढतात. मुंबईत १० मेगाबाइटचा तुकडा योग्य असेल, तोंडवलीत १ मेगाबाइटचा. म्हणून चांगले सॉफ्टवेअर हा आकार कायमचा ठरवून ठेवीत नाही. जोडणी किती वेळ टिकते ते पाहून तो बदलते.

महाविद्यालयांसाठी निकष

या विवेचनावरून महाविद्यालयांना सॉफ्टवेअर घेताना अथवा विद्यापीठाने लादलेल्या यंत्रणेबाबत अभिप्राय देताना पुढील प्रश्न विचारता येतील. हस्तांतरण चालू असताना त्याच संगणकावर दुसरे काम सुरळीत होते काय? सामायिक जोडणीवरील इतरांचा वाटा सॉफ्टवेअर ओळखते काय, की प्रवाहांची संख्या वाढवून तो बळकावते? जोडणी अथवा वीज गेल्यावर काम जेथे थांबले तेथून पुढे सुरू होते काय? फाईल पोहोचल्याची नुसती सूचना मिळते, की ती अखंड पोहोचल्याची पडताळणीही होते? वेग, प्रवाह आणि तुकड्याचा आकार यांवर संस्थेला मर्यादा घालता येते काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, विक्रेत्याची चाचणी त्याच्या कार्यालयातील नव्या संगणकावर झाली आहे, की महाविद्यालयाच्या सर्वांत जुन्या संगणकावर आणि सर्वांत मंद जोडणीवर?

यांपैकी एकाही प्रश्नासाठी संगणकशास्त्रातील पदवी लागत नाही. एक जुना संगणक, एक मोबाईल जोडणी आणि हस्तांतरणाच्या मध्येच काढून घेतलेली वायर एवढ्या साहित्यावर अर्ध्या दिवसात यांतील बहुतेक उत्तरे मिळतात. ही चाचणी खरेदीपूर्वी व्हावी. परीक्षेच्या दिवशी ती आपोआप होतेच, पण तेव्हा तिची किंमत विद्यार्थी मोजतात.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, जोडण्यांचा वेग वर्षागणिक वाढत असल्याने हा प्रश्न काळाच्या ओघात सुटेल. अनुभव याच्या विरुद्ध आहे. जोडणी रुंदावते तसे फाईलचे आकारही वाढतात, आणि जेथे जोडणी सर्वांत उशिरा रुंदावते तेथील वापरकर्ता कायम एक पाऊल मागे राहतो. साधने वाढल्याने विषमता आपोआप कमी होत नाही. सॉफ्टवेअर घडविणाऱ्याने दुर्बल टोक डोळ्यांसमोर ठेवले तरच ती कमी होते.

समारोप

फाईल-हस्तांतरणाचा वेग हा सॉफ्टवेअरचा स्वयंभू गुण नाही. तो प्रोसेसर, मेमरी, डिस्क, बॅटरी आणि सामायिक जोडणी यांच्याशी केलेला करार आहे, आणि त्या कराराच्या अटी बहुधा वापरकर्त्याला दाखविल्या जात नाहीत. १९८६ च्या कोंडीने संयमाशिवाय वेग टिकत नाही हे दाखविले. २०१७ च्या गणितावरून असे दिसते की, क्रम आणि वेळ यांचे नियोजन असल्यास मोडेमच्या वेगावरही मोठे काम तडीस जाऊ शकते. ज्या यंत्रणेवर विद्यार्थ्यांचे निकाल आणि प्रवेश अवलंबून आहेत, तिचे मोजमाप मुंबईत मिळणाऱ्या कमाल वेगावरून करणे अन्यायाचे ठरेल. तोंडवलीतील जुन्या संगणकावर, पावसाळ्यातील एखाद्या दुपारी, दोनदा वीज गेल्यानंतरही काम पूर्ण होते काय, हीच तिची खरी कसोटी होय.